लाल गाडीचं शेपूट

टेनिसचा एक चेंडू, सुरीने तोंड चिरलेला.

पावसात रस्त्याने चाललेली एक होडी. पालथी. तिला चार पाय, पैकी एका पायात बूट नाही.

ट्रेभर चीज रोल, वर ओला पंचा.

"डावा!"

"उजवा लागला!"

पुलाच्या मधोमध, डांबर आणि लोखंड जिथे भेटतात तिथे, एक खाच. गावातल्या प्रत्येकाच्या कमरेला ती ठाऊक आहे.

"उंदराला शिंगं बसवली म्हणून त्याचा बैल होत नाही, एल्सी."

*

शेवटचं वाक्य डगलचं. डगल म्हणजे एल्स्पेथचा, त्याच्या एल्सीचा, धाकटा दीर. मेंढ्या, दाढी आणि मोठी पिकअप, या तिन्ही गोष्टींची तो सारखीच निगा राखायचा, म्हणजे राखायचाच नाही. पण रविवारी जेवायला बोलवायचा, आणि मटण स्वतः कापून वाढायचा.

त्या रविवारी वाढता वाढता म्हणाला, "मरेची होडी मी घेऊन जातो. तुझ्या गॅरेजात नुसती वाळतेय."

मरे म्हणजे एल्स्पेथचा नवरा. दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. त्याची पिकअप तिने विकली, कारण तिचा क्लच दाबायला तिला अक्षरशः उभं राहावं लागे. होडी तेवढी राहिली. अॅल्युमिनियमची, पोचे पडलेली, ट्रेलरवर बसून दाराकडे तोंड करून वाट बघणारी. कुत्र्यासारखी.

"वाळू दे," एल्स्पेथ म्हणाली.

"पाण्यात न जाणाऱ्या होडीचं काय होतं ते बघितलंयस ना? एक तर मेंढ्या तिच्यात पाणी पितात, नाही तर बायका तिच्यात फुलझाडं लावतात."

एल्स्पेथला राग आला तो याच वाक्याचा. कारण आदल्याच आठवड्यात, होडीत जिरेनियम किती मावतील याचा अंदाज तिने घेऊन ठेवला होता.

"शनिवारी मासेमारीची स्पर्धा आहे," ती म्हणाली. "भरतीला मी होडी नदीवर, होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर आणीन. माझ्या गाडीला बांधून. पाण्यात गेली तर माझी. नाही गेली तर तिथूनच तुझ्या पिकअपला लाव आणि घेऊन जा."

"तुझ्या गाडीला? त्या काडेपेटीला?" डगलने सुरी खाली ठेवली आणि ते उंदराचं वाक्य टाकलं. सगळं टेबल हसलं. एल्स्पेथही हसली, कारण वाक्य चांगलं होतं. पण हात तिने पुढे केला, आणि डगलला तो हातात घेऊन हलवावा लागला.

*

काडेपेटी लाल रंगाची होती. मागे दोन पिशव्या ठेवल्या की डिकी भरायची. तिच्यासाठी ट्रेलर ओढायचा हुक मिळाला तो इन्व्हरकार्गिल शहरातल्या एका भंगारवाल्याकडे. असल्याच एका गाडीच्या पोटाखालून त्याने तो काढून ठेवला होता. आडवा जाड लोखंडी दांडा, मधोमध बाहेर आलेली एक जीभ. त्या जिभेवर गोळा बसतो, गोळ्यावर ट्रेलरचं तोंड बसतं.

शेजारचा पिरिपी पान्यांची पेटी घेऊन कुंपणावरून आला. दार होतं, पण तो कुंपणावरूनच यायचा. जन्मभर मटणाच्या कारखान्यात राबलेला माणूस, हात फावड्याएवढे.

"काय द्यायचं मला?" त्याने विचारलं.

"चीज रोल."

"किती?"

"तू पोट धरशील तितके."

"मग गाडी उलटी केली तरी चालेल," म्हणत पिरिपी खाली सरकला.

त्यांनी डिकीतला गालिचा उचलला, जादा चाक काढलं, बंपर उतरवला. बंपर निघाल्यावर गाडी कवळी काढलेल्या म्हातारीसारखी दिसायला लागली. आता दांड्यासाठी भोकं पाडायची, म्हणून एल्स्पेथने ड्रिल उचललं, तोच खालून पिरिपी ओरडला.

"थांब, थांब! हिला भोकं आहेत!"

खरंच होती. कारखान्यातूनच पाडलेली, काळ्या रबरी बुचांनी बुजवलेली, वर कित्येक वर्षांचा चिखल. लहानपणी कान टोचावेत, पण घालायला कुणी काही देऊ नये, तशी. एल्स्पेथने बुचं उपटली. एकेक निघताना फट् असा आवाज झाला, आणि तिला उगाच वाटलं की गाडीने सुस्कारा सोडला.

"एल्स्पेथ, दांडा वर लागला. डिकीतून बोल्ट खाली सोड."

"तूच सोड."

"मी कसा सोडू? मी गाडीखाली आहे."

"मीही गाडीखालीच आहे."

"मग डिकीत कोण आहे?"

डिकीत कुणीच नव्हतं. मग दांड्याने स्वतःच निर्णय घेतला आणि पिरिपीच्या पोटावर येऊन बसला. पिरिपी इतका हसला की दांडा त्याच्या पोटावर वरखाली होऊ लागला, आणि एल्स्पेथला उठून डिकीकडे जायचंही सुचेना.

*

मग दिवे. ट्रेलरच्या दिव्यांची वायर गाडीच्या दिव्यांना जोडायची, एवढंच काम.

"ब्रेक दाब!"

"दाबला!"

"काही नाही!"

"आता?"

"आता डिकी उघडली!"

"डावा देते!"

"उजवा लागला!"

"बरं, उजवा देते!"

"डावा लागला! छान लागला, पण डावा!"

"घोडं पेंड कुठे खातंय, पिरिपी?"

"मी वायरी जोडल्या तेव्हा कसा झोपलो होतो?"

"उताणा. डोकं इंजिनाकडे, पाय मागच्या बाजूला."

"हां. मग माझा डावा म्हणजे गाडीचा उजवा."

"इतकी वर्षं मेंढ्या कशा कापल्यास रे तू?"

"मेंढीला इंडिकेटर नसतो, बाई!"

*

राहिला गोळा. तो पिरिपीच्या शेडमधल्या कॉफीच्या डब्यात होता. इथे प्रत्येक शेडमध्ये असा डबा असतो आणि प्रत्येक डब्यात एखादा गोळा असतो. पिरिपीने तो जिभेवर बसवला, खालचा नट अंगाचं वजन टाकून आवळला, वर बोटभर ग्रीस फासलं. मग स्वयंपाकघरातल्या सुरीने टेनिसच्या चेंडूला तोंड पाडलं आणि टोपीसारखा गोळ्यावर चढवला. ग्रीस कपड्यांना लागू नये म्हणून सगळे असंच करतात. लाल गाडी, मागे पिवळं शेपूट.

"मोजायला नको?" एल्स्पेथने विचारलं.

"गोळा तो गोळा."

ही चूक पिरिपी एकट्याची नव्हे. हा देश इंच सोडून मीटरवर आला त्याला जमाना झाला, पण शेडमधल्या डब्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. जुना इंची गोळा आणि नवा पन्नास मिलिमीटरचा, इंची लहान, पण फरक एका डाळीच्या दाण्याइतका. डोळ्याला कळत नाही. हाताला कळत नाही. माप गोळ्याच्या डोक्यावर कोरलेलं असतं, पण डोक्यावर ग्रीस, आणि ग्रीसवर टेनिसचा चेंडू.

शनिवारी सकाळी त्यांनी चेंडू काढला आणि ट्रेलरचं तोंड गोळ्यावर ठेवलं. खट् करून बसलं. एल्स्पेथने साखळी अडकवली. मरे साखळीशिवाय ट्रेलर फाटकाबाहेर जाऊ देत नसे. गाडी निघाली. मागच्या काचेत होडीचं नाक, पुढे मोकळा रस्ता, शेजारी मांडीवर चीज रोलचा ट्रे घेतलेला पिरिपी.

"चालतेय!" पिरिपी म्हणाला, जणू मूल पहिलं पाऊल टाकत होतं.

एल्स्पेथने खिडकी उघडली. समुद्राचा वास आत आला. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणायला लागली, पूल आला, आणि

*

धड्.

*

होडी होती. साखळीला लटकून होती. खाचेवर ट्रेलर उडाला, गोळ्यावरून सुटला, आणि त्याची मान पुलाच्या लोखंडावर घासत, ठिणग्या उडवत आली. एल्स्पेथने ब्रेक लावला तशी होडीने मागून येऊन बंपरला एक टपली मारली. चीज रोल समोरच्या काचेला चिकटले आणि सावकाश खाली घसरू लागले.

"लागलं का तुला?" एल्स्पेथने विचारलं.

पिरिपीने कानातला चीजचा तुकडा काढला आणि खाल्ला. "गरम आहेत अजून."

मागे गाड्या थांबल्या. स्पर्धेला निघालेलं सगळं गाव तिथेच पुलावर उतरलं. कुणी ओरडलं नाही; ज्याने त्याने वाकून बघितलं, एका शेतकऱ्याने रुमालाने ग्रीस पुसलं आणि गोळ्याचं डोकं वाचलं.

"इंची!" त्याने जाहीर केलं. "ट्रेलर पन्नासचा आहे."

"माझा घ्या," मागून कुणीतरी म्हणालं. पाना निघाला, गोळा निघाला, पुसला. इंची. पोस्टातली बाई आपल्या डिकीतला जादा गोळा घेऊन आली. इंची. ब्रेडवाला, शाळेचे मुख्याध्यापक, कुत्री पाळणारी दोन भावंडं. इंची, इंची, इंची. पुलाच्या कठड्यावर ग्रीसने माखलेल्या गोळ्यांची रांग लागली, प्रत्येकाशेजारी त्याची पिवळी टोपी.

"आमच्या गावात एकही माणूस या शतकात राहत नाही," पोस्टातली बाई म्हणाली.

एल्स्पेथ कठड्याला टेकली होती. खाली पाणी चढायचं थांबलं होतं. थोड्या वेळाने ते मागे फिरेल, उतार चिखलाचा होईल, मग कसली होडी आणि कसलं काय. जिरेनियम, तिच्या मनात आलं. लाल. पांढरे नकोत.

तेवढ्यात समोरून मोठी पिकअप आली. डगल. उतारावर बसून कंटाळला होता, पुलावर काय झालंय बघायला आला होता.

तो उतरला. ट्रेलरभोवती एक चक्कर मारली. गोळ्यांची रांग बघितली.

"पन्नासचा लागेल," म्हणाला.

माना त्याच्या पिकअपकडे वळल्या. पन्नासचा गोळा कुणाच्या गाडीला होता ते आता सगळ्यांना दिसत होतं. मरेची होडी घेऊन जायला येताना डगल योग्य तोच गोळा लावून आला होता. नुसती पिकअप वळवायची, ट्रेलर अडकवायचा, की काम झालं. शर्तही तीच होती.

"हत्ती गेला नि शेपूट राहिलं," डगल म्हणाला.

"हसून घे," एल्स्पेथ म्हणाली. "मग घेऊन जा. पण हातभर जागेत वळवताना कठड्याला नको लावूस."

पिरिपीने उरलेल्या चीज रोलचा ट्रे लाल गाडीच्या टपावर ठेवला होता, त्यातला एक डगलने उचलला. अर्धा खाल्ला. थांबला. गाडीखाली वाकून दांडा बघितला, हलवून बघितला. हलला नाही.

"हे कुणी बसवलं?"

"मी आणि पिरिपीने."

"बरोबर बसलंय की."

"नुसतं डोकं चुकलं," पिरिपी म्हणाला. "माझं."

डगलने राहिलेला अर्धा तोंडात टाकला, हात दाढीला पुसले आणि पिरिपीच्या पेटीतला सगळ्यात मोठा पाना घेऊन स्वतःच्या पिकअपमागे उकिडवा बसला. गोळा गंजून घट्ट बसला होता. डगलने शिव्या घातल्या, पान्यावर पाय दिला, पुन्हा शिव्या घातल्या. पूल बघत राहिला. करकर आवाज झाला आणि गोळा सुटला.

"धर, वहिनी," तो म्हणाला. वहिनी तो वर्षा-दोन वर्षांतून एकदा म्हणायचा.

"आता तू होडी ओढणार कशी?"

"मूर्ख आहे मी," डगल म्हणाला. "लाव लवकर, पाणी फिरतंय."

पूल ओरडला तो असा की खालचे बगळे उडाले.

*

उतारावर गाव खुर्च्या टाकून बसतं. मासे हे निमित्त. मजा असते ती ट्रेलर उलटा नेताना कोण कसं फजीत होतं ते बघण्यात. लाल गाडी आली तसे चहाचे कप खाली ठेवले गेले.

एल्स्पेथने गाडी मागे घेतली. होडी डावीकडे गेली.

"उजवीकडे फिरव!"

"अगं, दुसरा उजवा!"

"पिरिपीने जोडलंय ते, सगळं उलटं धर!"

पुढे. पुन्हा मागे. आता होडी उजवीकडे. तिसऱ्या वेळी ती पुरती आडवी होऊन उभी राहिली, "कुठे नेतेस मला?" अशी.

एल्स्पेथ थांबली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मरे स्टिअरिंग वरून धरायचा नाही. तिने कितीदा बघितलं होतं, कधी विचारलं नव्हतं. तो एकच हात तळाशी ठेवायचा, चाकाच्या पोटावर, आणि होडी जिकडे जायला हवी तिकडे तो हात सरकवायचा. बस्स.

तिने हात तळाशी ठेवला. होडीला उजवीकडे हवं होतं. तिने हात उजवीकडे सरकवला. होडी उजवीकडे गेली. थोडं डावीकडे, होडी डावीकडे. मग सरळ, सरळ, सरळ, ट्रेलरची चाकं पाण्यात, होडीचा मागचा भाग पाण्यात, आणि मग होडी ट्रेलरवरून हलकेच उचलली गेली. तरंगली.

खुर्च्या रिकाम्या झाल्या. पिरिपी बूट न काढताच पाण्यात शिरला. कुणीतरी हॉर्न वाजवला, मग सगळ्यांनीच.

एल्स्पेथ होडीत चढली, वल्ही अडकवली आणि उतारावर एकट्याच उभ्या असलेल्या दाढीकडे बघितलं. मागे त्याची पिकअप, बिनगोळ्याची.

"काय बघतोस? चढ."

"मी?"

"होडी माझी. वल्ही तू मार. माझे खांदे दुखतात."

डगल चढला. होडी एका बाजूला इतकी कलली की पिरिपीने दुसरी बाजू धरली. मग ती सावरली आणि निघाली, नदीच्या तोंडाकडे.

ही होडी मरेने विकत घेतली त्या दिवशी पाऊस होता, आणि दोघा भावांनी ती पालथी डोक्यावर धरून घरी आणली होती, कारण तेव्हा दोघांपैकी कुणाच्याच गाडीला हुक नव्हता.