कोतवालाचे पाच थर

कायदा स्पष्ट असला की माणसं भांडत नाहीत, असं मी बावीस वर्षं नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवत आलो. मग मेव्हण्यांनी मला त्यांच्या कार्डांच्या क्लबात पंच म्हणून नेलं, आणि पहिल्याच रविवारी एका अत्यंत स्पष्ट कलमावरून दोन सभ्य माणसं एकमेकांची छत्री घेऊन निघून गेली.

मेव्हणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. धंदा पुस्तकबांधणीचा. क्लब म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची खोली, चार टेबलं, आणि भिंतीवर नजर तपासायचा जुना तक्ता. खेळाची कार्डं कंपनी छापते, माणसं जमवतात. प्रत्येकाने आपल्या संग्रहातून चाळीस कार्डांचा गठ्ठा बांधायचा आणि समोरच्याचे पाच बुरूज पाडायचे. एवढं मला कळलं. माझी समज तिथेच थांबली आणि खेळ पुढे गेला.

सगळी गडबड कोतवालाने केली. कार्डावर मूळ मजकूर असा: कोतवाल टेबलावर असेपर्यंत समोरच्याने पाळीला एकच कार्ड खेळावं. साहजिकच सगळ्यांनी कोतवाल घेतला. दोन्ही बाजूंना कोतवाल बसले की दोन प्रौढ माणसं दोन-दोन तास एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची.

कंपनीने पहिला बदल काढला. कोतवाल दोन पाळ्याच राहील, मग जाईल. तोपर्यंत ‘कारकून’ हे कार्ड लोक पुस्तकात खूण म्हणून घालायचे. गेलेलं कार्ड परत बोलावणं एवढंच त्याचं काम. आता कारकुनाला सोन्याचे दिवस आले. निवृत्त कोतवाल दर दोन पाळ्यांनी कंत्राटावर रुजू होऊ लागला.

दुसरा बदल: एकदा गेलेला कोतवाल परत येणार नाही. झालं, कोतवालाला कोणी खाली ठेवीचना. जो तो हातात धरून बसला. टेबलावर पहारा नाही म्हटल्यावर ‘चोर’ या कार्डाला रान मोकळं. ज्या चष्मेवाल्याने चोराची अकरा कार्डं पोराला चिकटकामाला दिली होती, तो ती वहीतून सोडवताना मी पाहिला आहे.

तिसरा बदल: चोर आला तर हातातला कोतवाल दाखवावा लागेल. दाखवून पुढे काय, ते लिहिलं नव्हतं. चौथा: कोतवाल एकाच पाळीपुरता, पण त्या पाळीत समोरच्याने काहीच खेळायचं नाही.

कंपनी नवी कार्डं छापत नसे, नुसती पत्रकं काढी. म्हणून क्लबाची पद्धत अशी, की नवा मजकूर चिठ्ठीवर लिहून कार्डावर डकवायचा.

तर मोसमाच्या शेवटच्या रविवारी अंतिम सामना होता. मोठ्या स्पर्धेला आमच्या क्लबातून एकच नाव जाणार होतं, आणि मेव्हणे तीन वर्षं त्या एका जागेसाठी गठ्ठा बांधत होते. समोर दातांच्या डॉक्टरीणबाई. मेव्हण्यांनी कार्डं पिसली, बाईंनी नियमाप्रमाणे गठ्ठा कापला, आणि हात तसाच धरून मला म्हणाल्या, “सर, इथे सूज आहे.”

“कुठे?”

“गठ्ठ्यात. बोटाला लागतेय. हा यांचा कोतवाल. पैज लावते.”

उलटून पाहिलं. कोतवालच.

बाकी सगळे जुनी चिठ्ठी काढून नवी लावत. मेव्हण्यांनी जुनीवर नवी, तिच्यावर आणखी नवी, अशा चार डकवल्या होत्या, खास बांधणीच्या खळीने, कडा इस्त्री केल्यासारख्या.

“अहो दादा, जुनी काढायची ना!” मी म्हणालो.

“चिकटवलेलं काढणं आमच्यात शिकवत नाहीत, जावईबापू.”

“न बघता ओळखू येणारं कार्ड म्हणजे लबाडी. गडी बाद,” बाई म्हणाल्या. “कलम नऊ.”

“लबाडी? बाई, या मोसमात हा कोतवाल मला एकदाही हाती लागला नाही!”

हे खरं होतं. कोणीही गठ्ठा कापला की तो त्या जाड कार्डाशीच उघडायचा आणि कोतवाल तळाला जायचा. मेव्हणे वर्षभर स्वतःलाच फसवत होते, तेही अत्यंत सुबक कारागिरीने. स्वतःच्या तोट्याची लबाडी गुन्हा ठरते का, हे कलम नऊमध्ये नव्हतं. आमच्या पाठ्यपुस्तकातही नाही.

मी निर्णय दिला, की चिठ्ठ्या काढून खेळावं. खळ निघेना. शेवटी बाईंनीच पर्समधून दातांवरचं किटण काढायचं हत्यार काढलं.

“आ करा,” त्या सवयीने कार्डाला म्हणाल्या.

चौथा बदल निघाला. तिसरा निघाला. दुसऱ्याबरोबर पहिला आला. पहिल्याबरोबर मूळ मजकूर, कोतवालाच्या मिशा आणि कोतवालही आला. खाली राहिला पांढरा पुठ्ठा.

“आता बोटाला लागत नाही,” बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

कोरा पुठ्ठा चालतो का? कलमात ना हो, ना नाही. मी चालवला. सामना सुरू झाला, बुरूज पडत गेले, दोन्हीकडे एकेक उरला, आणि मेव्हण्यांच्या हाती वर्षात पहिल्यांदा कोतवाल आला. त्यांनी तो खाली ठेवला. वर तळहात दाबून धरला.

“बोला पंच. हा काय करतो?”

माझ्या डोक्यात पाचही कोतवाल एकदम उभे राहिले. “दोन पाळ्या राहतो,” मी म्हणालो, “आणि समोरच्याने काहीच खेळायचं नाही.”

मेव्हण्यांनी दोन पाळ्यांत बुरूज पाडला.

“असा कोतवाल कधीच नव्हता!” बाई उठल्या. “अर्धा पहिल्या बदलातला, अर्धा चौथ्यातला! पंच घरचा असला की कोतवालही जावयासारखा मुक्काम वाढवतो!”

“मला मेहेरबानीची जागा नको,” मेव्हणे म्हणाले. पण पुठ्ठ्यावरचा हात काही त्यांनी उचलला नाही.

पुन्हा खेळा म्हणावं, तर कोणत्या कोतवालाने, हे मलाच सांगता येईना. मी चार पानी निवेदन लिहिलं, दोन्ही नावं घातली, आणि कोणाला घ्यायचं ते मोठ्या स्पर्धेच्या आयोजकांनी ठरवावं, अशी विनंती केली. निकाल येईपर्यंत मेव्हणे माझ्या बायकोशी फोनवर बोलले, माझ्याशी नाही. बाईंनी माझ्या दाढेची वेळ दोनदा पुढे ढकलली.

अठराव्या दिवशी उत्तर आलं: दोघांनाही पाठवा. मोठ्या स्पर्धेत बत्तीस जागा होत्या. नावं आली होती एकोणीस.