गाडीतला सुस्कारा

"सगळे पुढे या! मागे कुणी थांबायचं नाही. आत्मा मागून येतो, त्याची वाट अडवू नका!"

इमारतीखालच्या अंधाऱ्या पार्किंगमध्ये श्वासबाबांनी हाळी दिली आणि जमलेली माणसं मेंढरांसारखी बॉनेटसमोर गोळा झाली. गाडी माझ्या थोरल्या भावाची, दादाची. टर्बो इंजिनाची, लाल, त्याच्या फार लाडाची. दादा गेला आणि ती बरेच दिवस झाकून पडली. आता तिच्यात स्टिअरिंगमागे बाबा डोळे मिटून बसले होते. इंजिन चालू होतं. वहिनी बॉनेटवर हात ठेवून उभ्या होत्या, शेजारी त्यांची लेक, माझी भाची.

"हे जीवा," बाबांनी आवाज खर्जात नेला, "तुझी पोर आईला एकटं टाकून परगावी शिकायला निघालीय. तिनं जाऊ नये अशीच तुझी इच्छा ना? असेल तर श्वास सोड!"

क्षणभर काही नाही. मग गाडीच्या पोटातून 'हुस्स' असा लांब सुस्कारा आला, इंजिन अडखळलं आणि अख्खी गाडी थरथरली.

"बोलला! साहेब बोलले!" गर्दीतून हुंदके उमटले. माझ्याही अंगावर काटा आला. पेपर मिटताना दादा अगदी तसाच सुस्कारा टाकायचा. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण भाऊ माझाही गेला होता.

भाचीनं दुसऱ्याच दिवशी भूगर्भशास्त्राचा मिळालेला प्रवेश सोडून दिला. मी तिला गाठलं. "अगं, कॉलेज बघायला दादाच तुला घेऊन गेला होता ना? वाटेतले दगड पिशवीत भरून आणलेत तुम्ही."

"तेव्हा आई एकटी नव्हती, आत्या. पप्पांचं मत बदललं असेल."

मेलेल्या माणसाचं मत बदलतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी गॅरेजवाल्याकडे गेले. वहिनींनी गाडी आधी त्याच्याचकडे नेली होती. सिग्नलला उभी राहिली की थरथरते, ही तक्रार. त्यानं प्लग बदलले, कॉइल बदलून पाहिली, टर्बोचे पाइप तपासले. फरक पडला नाही. "मग माझा संशय ब्रेकवर गेला," तो म्हणाला. "म्हटलं, एक दिवस ठेवा, खोलून बघतो. तर बाईसाहेब गाडी घेऊन गेल्या त्या गेल्याच. बाबांनी म्हणे पाना लावायला मनाई केलीय, आत्मा उडून जाईल. ताई, कुणी चालवत असेल तर थांबवा. उद्या ब्रेक दगडासारखा घट्ट होईल."

पुढच्या रविवारी बाबा "पुढे या, पुढे या" म्हणत असताना मी मागे गेले आणि गाडी व भिंत यांच्यामध्ये उभी राहिले.

बाबांनी कुणाच्या तरी नोकरीचा प्रश्न विचारला. माझ्या पाठीमागची पांढरी भिंत लालभडक झाली आणि लगेच सुस्कारा आला. मग भिंत विझली. पुढचा प्रश्न एका लग्नाचा. भिंत लाल, सुस्कारा. प्रत्येक उत्तराआधी ब्रेकचे दिवे लागत होते!

मी पुढे आले. "बाबा, पाय वर घ्या. सीटवर मांडी घाला आणि मग विचारा."

"बाई, आत्म्याची परीक्षा घेता? भस्म व्हाल!"

"होऊ दे. तुम्ही मांडी घाला."

गर्दी माझ्यावर खेकसली. पण भाची पुढे झाली. "बाबा, घाला मांडी. माझे पप्पा आहेत ते. तुमच्या पायांवाचून बोलतील."

बाबांनी कशीबशी मांडी ठोकली. प्रश्न विचारला, पुन्हा विचारला, हात जोडून विचारला. इंजिन आपलं शांतपणे चाललेलं. "आत्मा रुसला," बाबा कपाळ पुसत म्हणाले.

"उतरा," मी म्हटलं आणि त्यांच्या जागी बसले.

"दादा, तू जिवंत आहेस का?" ब्रेक दाबला. हुस्स. गाडी थरथरली.

"तू मेलास का?" हुस्स.

"हा बाबा लबाड आहे का?" हुस्स!

लोक खो खो हसले. तीच माणसं, मघाशी डोळे पुसणारी. मला हसू आलं नाही.

मी सांगितलं, "ब्रेक हलका लागावा म्हणून एक डबा असतो, गॅरेजवाल्याचा संशय त्यावरच होता. त्यातली हवा इंजिन ओढून घेतं. या डब्याच्या आतला रबरी पडदा फाटलाय. ब्रेक दाबला की बाहेरची हवा फाटक्या जागेतून आत घुसते, त्याचा हा सुस्कारा. ती जास्तीची हवा इंजिनात गेली की पेट्रोलचं प्रमाण बिघडतं, म्हणून ते अडखळतं. सिग्नलला आपण ब्रेकवर पाय ठेवतो, म्हणून गाडी तिथेच थरथरायची. यात दादा कुठेही नाही."

माझं बोलणं होईपर्यंत बाबांनी पोबारा केला होता. गर्दीही पांगली. जाताना एकजण मलाच म्हणाला, "बाईंना तेवढाच आधार होता. तोही काढून घेतलात."

वहिनींचा हात अजून बॉनेटवरच होता. मी हळूच म्हटलं, "वहिनी, फसवलं हो त्यानं तुम्हाला."

"मला नाही फसवलं, वन्सं," त्या म्हणाल्या. "मी एकदा उशिरा जिन्यानं उतरले, तेव्हा मागून दिसला होता तो लाल उजेड. कळलं होतं मला."

"मग गप्प का राहिलात?"

"ह्यांचा आवाज म्हणून का होईना, घरात कुणीतरी बोलत होतं."

भाची तिथेच उभी होती. तिनं आईकडे पाहिलं. "प्रवेशाच्या प्रश्नाआधी कळलं होतं, की नंतर?"

वहिनींनी बॉनेटवरचा हात काढून घेतला.

"आई, आधी की नंतर?"

"आधी," वहिनी म्हणाल्या. "तूही गेली असतीस तर मी काय केलं असतं?"

पोर रडली नाही, भांडली नाही. गाडी तिनंच दुरुस्तीला टाकली. गेलेली जागा मात्र परत मिळाली नाही. ती हल्ली एका दुकानात काम करते, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरणार आहे. आईशी कामापुरतं बोलते. त्या घरात आता आधीपेक्षा जास्त शांतता आहे.

बाबाला लबाड म्हणणं सोपं आहे, तो लबाड होताच. पण आपल्याला हवं तेच तो बोलतो, म्हणून त्याचं दुकान चालतं. मेलेल्या माणसाला मत नसतं. त्याचं म्हणून जे मत आपल्या गळ्यात मारलं जातं, ते कुणातरी जिवंत माणसाचं असतं. ते कुणाचं, आणि त्यात त्याचा फायदा काय, हे विचारा. समोर बाबा असला तरी विचारा, आणि आई असली तरी विचारा.