उजव्या पायाची ढाल

राजूरच्या कोळसा खाणीत उत्तमसिंगसारखा जखमी माणूस दुसरा नव्हता. म्हणजे त्याले लागलं-बिगलं काहीच नव्हतं. दरसाली खाणीवाल्यांची प्रथमोपचाराची स्पर्धा होये, तिच्यात तो पाय मोडलेला पेशंट बनून निजे. त्याचा दोस्त देवराव टोळीचा कप्तान. तो उत्तमसिंगच्या उजव्या पायाले बांबूच्या खपच्या लावे, पट्ट्या गुंडाळे, अन् टोळी स्ट्रेचर उचलून पळे. उत्तमसिंग असा कण्हे का परीक्षक रुमाल काढे. एकदाच तो मधात बोलला, "अबे, मुंगी चावली," तर मार्क कापले. तवापासून देवरावचा कायदा पक्का: पेशंटनं कण्हावं, बोलू नाही. बक्षिसाची चांदीची ढाल राजूरातून हालत नव्हती.

"तुले खरंच लागलं ना उत्तम," देवराव म्हणे, "तर बिनघोर राह्य. मी हावो ना!"

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात खरंच लागलं. छताचा कोळसा खाली आला अन् उत्तमसिंगचा डावा पाय मोडला. टोळी धावत आली, मांगून खाणीचा साहेब घड्याळ घेऊन. देवराव खाली बसला अन् त्यानं उजवा पाय धरला. हातच तसा वळलेला.

"अबे तो नाही! डावा, डावा!"

"चूप राह्य."

"पाय माहा मोडला का तुहा?"

"जखमी माणूस भानावर नसते," देवरावनं टोळीले समजावलं. "त्याचं ऐकायचं नसते. पुस्तकात हाये."

उजवा पाय नवरदेवासारखा सजला. साहेबानं घड्याळ पाह्यलं अन् म्हणाला, "शाब्बास! स्पर्धेपेक्षा लवकर!"

ट्रकमधी देवरावनं उजवा पाय मांडीवर घेतला, लेकरासारखा. डावा फळीवर आपटत गेला, दर खड्ड्याले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "वा! पट्टी कोणी बांधली?"

"मीच साहेब," देवराव लाजला.

पट्टी सोडली, तर आतला पाय ठणठणीत. मग डॉक्टरची नजर डाव्यावर गेली. हाड बाहेर, हाडात माती. "हा जागेवरच बांधला असता तर वाचला असता."

गुडघ्याखालून कापला.

देवराव बरेच दिवस फिरकला नाही. मग एक दिवस केळं घेऊन आला. 'जाऊ दे ना देवा, चुकते माणूस,' हे उत्तमसिंगनं तोंडात तयारच ठेवलं होतं.

"चौकशी झाली बे," देवराव म्हणाला.

"मंग?"

"मी सांगतलं, उत्तमच उजवा-उजवा म्हणून ओरडे. टोळीनंबी तेच सांगतलं. साहेबानंबी."

"मी डावा म्हणलो, देवा."

"हो, पण तू त भानावर नव्हता ना!" देवरावनं केळं सोलून त्याच्या हातात देल्लं. "आता हे पाह्य, स्पर्धा जवळ आली. येशीन ना?"

"एका पायानं?"

"उजवाच त लागते!"

उत्तमसिंग बोलला नाही, कण्हलाही नाही. उजवा पाय उचलला अन् देवरावच्या छातीत घातला. देवराव पार दाराशी जाऊन पडला. पाय मजबूत होता. त्याची काळजीच तशी घेतली होती.