दक्षिणेचा आंबा

गाडी कुठल्या झाडाखाली लावली आहे, यावरून मला माणूस कळतो. फणसाखाली लावणारा आळशी. नारळाखाली लावणाऱ्याच्या डोक्यात अजून काही पडलेलं नसतं. आंब्याखाली लावणारा मात्र बहुधा नाइलाजानं लावतो. केरळातल्या या पट्टांबीत गाड्या धुऊन चमकवायला लागून मला बावीस वर्षं झाली, आणि हा ठोकताळा फारसा चुकलेला नाही.

शंकुण्णी माष, म्हणजे आमचे मास्तर, मंगळवारी सकाळी आले ते दुसऱ्या गियरमध्ये. घरापासून दुकानापर्यंत दुसराच गियर, मागे बसवाला भोंगा दाबून बसलेला. माषांचं वय एक्क्याऐंशी. चौथीत ते मला गणित शिकवायला होते. गाडी त्यांच्या मुलाची, विनयनची. तो मस्कतला असतो. वर्षातले अकरा महिने ती माषांच्या अंगणात उभी, आणि माष दर रविवारी ती सुरू करून दहा मिनिटं आत बसतात. जात कुठेच नाहीत.

"मोइदू, बघ जरा. आंब्याचा थोडा चीक पडलाय."

थोडा! मी मोजलं. टपावर छत्तीस, बॉनेटवर एकोणीस. गडद लाल रंगावर काळपट ठिपके, आणि प्रत्येकाभोवती गोल गोल ओरखडे.

"माषे, हे कुणी केलं? मांजरानं?"

"मी. खोबरेल चोळलं आणि काथ्यानं घासलं. फणसाचा चीक हाताला लागला की आपण तेलच लावतो ना?"

"हाताची कातडी पुन्हा येते माषे. काथ्यानं भांडी घासतात, गाडी नाही."

"तू मला शिकवू नकोस."

"हे वाक्य चौथीत मला सुचायला हवं होतं."

ते हसले नाहीत. मी आणखी खोडी काढली. "आणि विनयननं पाठवलेलं कव्हर कुठाय?"

"त्यावर दह्यातल्या मिरच्या वाळत घातल्यात. छान तापतं ते." मग खाली बघून म्हणाले, "शुक्रवारी येतोय तो. एकही डाग राहता कामा नये."

"राहिला तर?"

"आंबा तोडणार. मागच्या खेपेला सांगून गेलाय."

आता मी हसायचा थांबलो. माष नायर, आणि नायरांच्या घरी दक्षिणेच्या अंगणात आंबा असतो. कैऱ्या लोणच्याला जातात, पण झाड राखलेलं असतं ते घरातल्या माणसासाठी. माणूस गेलं की त्याच दिवशी ते तोडायचं आणि ओल्या लाकडानंच चिता रचायची. माषांनी लग्नाच्या वर्षी दोन लावले होते. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको, देवकी टीचर गेल्या, तेव्हा त्यातला एक गेला. राहिला तो माषांचा. फाटक नेमकं त्याच बाजूला, दुसरीकडे विहीर आणि गोठा. गाडी उभी राहणार ती त्याच्याच खाली.

"आम्हा मुसलमानांचं बरं आहे माषे," मी म्हणालो. "खड्डा खणला की झालं. तुम्हाला आपलं सरपण स्वतःच पाणी घालून वाढवावं लागतं."

"बावन्न वर्षं घातलंय," ते म्हणाले. "त्या काथ्यासारखं बोलू नकोस. कामाला लाग."

लागलो. गाडी आधी नीट धुतली. मग गरम पाण्यात बुडवलेलं फडकं एकेका ठिपक्यावर ठेवून तो मऊ करायचा, स्पिरिटचा बोळा टेकवून थांबायचं, आणि चीक आपण होऊन सुटला की अलगद उचलायचा. घासायचं नाही. घाई करणाऱ्याच्या हाती चिकाबरोबर रंगही येतो. माष रोज स्टूल टाकून समोर बसत, परीक्षेला पर्यवेक्षक बसतो तसे. एक डाग निघाला की बोटानं चाचपून पाहत आणि मोठ्यानं आकडा सांगत.

"त्रेचाळीस."

"बेचाळीस, माषे. तो मघाचाच होता."

"गणितात मी तुला पास केलं ही चूकच झाली."

टप स्वच्छ झाला. बॉनेटवरचे सात मात्र रंगात उतरले होते. आंब्याचा चीक कातडी जाळतो, तिथे रंगाची काय कथा. मी स्पष्ट सांगितलं, "हे पॉलिशनं जायचे नाहीत. रंगवायला हवं, आणि त्याला आठवडा लागेल."

माषांनी त्या सातांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मोइदू, मी कुणाकडे कधी काही मागितलं नाही."

हे खरं होतं. गुरुवारी मी दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं आणि सगळ्यात बारीक सँडपेपर पाण्यात भिजवून त्या सात ठिपक्यांवर दिवसभर बसलो. सहा गेले. सातव्याची पुसट सावली राहिली, तीही एकाच बाजूनं दिसणारी.

"तोंड पश्चिमेला करून लावा," मी म्हणालो. माषांनी माझा हात धरला आणि उगाचच दोनदा हलवला.

शनिवारी विनयन दुकानात आला. सातव्या डागासाठी मी तीन सबबी तयार ठेवल्या होत्या.

"मोइदूक्का, कमाल केलीत! नव्यासारखी दिसतेय. सकाळी फोटो टाकले तर दुपारी गिऱ्हाईक हजर. संध्याकाळी घेऊन जातोय."

"विकलीस?"

"गाडी, आणि माझ्या नावावरचं घरही. अच्छन फेब्रुवारीत न्हाणीघरात पडले, ठाऊक आहे?" अच्छन म्हणजे त्याचे वडील, आमचे माष. "मला सांगितलं नाही. शेजारणीनं महिन्यानं कळवलं. तिथे मस्कतला रात्री फोन वाजला की मी उठून बसतो." त्याचे डोळे खरोखर सुजलेले होते. "कोचीत फ्लॅट घेतलाय. लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, बाई चोवीस तास. अजून त्यांना बोललो नाही. तुमचं ऐकतात ते. तुम्ही सांगा ना."

"आणि आंबा?"

"कुठला आंबा?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो सोंग करत नव्हता. वर्षापूर्वी रागात बोललेलं एक वाक्य तो विमानात बसण्याआधीच विसरला होता. आणि इथे एक म्हातारा तेच वाक्य वर्षभर उशाशी घेऊन झोपत होता.

संध्याकाळी गेलो. गाडी गेलेली होती. माष व्हरांड्यात बसले होते, धुतलेलं मुंडू नेसून, खुशीत. गाडी गिऱ्हाइकाला दाखवायला नेली आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"सातवा दिसला नाही त्याला!" मला फाटकातच पाहून ते म्हणाले. "भोवती दोन फेऱ्या मारल्या, पण दिसला नाही. बस."

मी बसलो आणि सांगितलं. फिरवून सांगायला मला येत नाही. घर, फ्लॅट, लिफ्ट, सगळं एका दमात. माष ऐकत राहिले. मधे एकदा मुंडूचा काठ सारखा केला. विजेच्या दाहिनीचं मी काढलं नाही, ते त्यांनीच विचारलं. कोचीत तीच असते, मी म्हणालो.

"त्याची चूक नाही," माष म्हणाले. "मी पडायला नको होतं."

अंगणात एक कैरी पडली. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"घर घेणारे कोण आहेत?"

"त्रिशूरचे कुणी नंप्यार."

"त्यांच्यात म्हातारं माणूस आहे का कुणी?"

मला त्या नंप्यारांचं, नायरांतलेच असावेत यापलीकडे, काहीही ठाऊक नव्हतं.

"आहे," मी म्हणालो. "त्यांची आई."

माष मान हलवत राहिले. "मग त्यांना सांग," ते म्हणाले, "उन्हाळ्यात दोन घागरी तरी घाला म्हणावं."