रोडगे कोण बघणार?

रोडगे हा प्रकार ज्याने शोधला तो पुरुषच असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या आरात, रसरशीत निखाऱ्यांत, पुरायचे आणि मग तिथून हलायचं नाही. सारखे फिरवायचे, राख सारायची, आर पुन्हा ओढायचा. नजर जरा हटली की कोळसा. म्हणजे एक बाई आगीला बांधलीच गेली पाहिजे असं जेवण. खायला मात्र सगळे पुढे, तुपात बुडवून बोटं चाटत.

आम्ही जालन्यात मस्तगडला राहतो. दर मे महिन्यात मुलांना सुट्ट्या लागल्या की माझे सासरे भालचंद्रराव जाहीर करतात, "रविवारी डोहावर जायचं." डोह हसनाबादजवळ आहे, सासूबाईंच्या माहेरच्या शिवारात. उन्हाळ्यात नदीची धार अगदी बारीक होते, पण काठाने करंज-जांभळांची अशी दाट झाडी आहे की बाहेर ऊन रणरणत असलं तरी आतल्या पायवाटेवर गारवा असतो. त्या वाटेने सावकाश गेलं की डोह लागतो आणि तो कधी आटत नाही. हे सगळं मी ऐकलेलं. लग्न झाल्यापासून दर वर्षी तिथे जाते, पण गाडी जिथे थांबते त्या पहिल्या करंजाच्या पुढे एकदाही गेले नव्हते. पुढे पुरुष जातात आणि मुलं जातात. मी आणि सासूबाई रोडगे बघतो.

परत आले की सगळे रंगवून सांगतात. पाणी काय गार होतं, खंड्या कसा सूर मारत होता. आणि सासऱ्यांचं ठरलेलं वाक्य, "तुमचा मस्त आराम झाला न सावलीत?" धुराने डोळे लालभडक झालेल्या बायकोला हे विचारतात!

मी शाळेत गणित शिकवते. माझ्या एका नजरेने वर्ग चिडीचूप होतो. तरी त्या करंजाखाली मी मुकाट बसत आले, कारण निदान माझी स्वरा तरी जात होती. आता ती अकराची झाली. या उन्हाळ्यात ती पोहायला शिकली आणि डोह पोहून पार करून दाखवते म्हणून तिने महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं. सकाळी गाडीत बसली तीच टॉवेल गळ्यात टाकून.

करंजाखाली उतरलो. वाळूत खड्डा करून सासूबाईंनी गोवऱ्या पेटवल्या. आर झाला, रोडगे पुरले. सासऱ्यांनी पार्थच्या, म्हणजे माझ्या धाकट्याच्या, डोक्यावर टोपी ठेवली, काठी उचलली आणि सहज बोलल्यासारखं बोलले, "स्वरा, तू थांब आज्जीपाशी. मोठी झालीस आता. रोडगे शिकून घे."

स्वरा हसली. तिला थट्टा वाटली. दुसरं कुणीच हसेना तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ती थांबणार नाही, बाबा."

"अगं, डोहावर गावातली पोरं असतात. हिनं आता तिथं पाण्यात उतरणं बरं दिसतं का?"

"बरं दिसत नसेल तर पोरांनी घरी जावं."

"अपूर्व, समजाव हिला."

अपूर्वने ना मला समजावलं, ना त्यांना. तो पार्थच्या बुटाची नाडी बांधत बसला. बांधलेल्या नाडीला पुन्हा गाठ मारत बसला. माझा नवरा वाईट नाही, पण वडिलांपुढे त्याची दातखीळ बसते आणि त्या क्षणी मला तो डोळ्यासमोर नको झाला.

"स्वरा जाणार," मी म्हणाले, "आणि मीही जाणार."

"मंग रोडगे कोण बघणार?"

हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

सासूबाई आर सारखा करत म्हणाल्या, "जा गं तुम्ही. मी बसते की. मला काय, सवय आहे." आणि मला सासऱ्यांपेक्षा त्यांचा जास्त राग आला.

"आई, तुम्हीही चला. उठा."

"तिला कशाला दगदग?" सासरे मध्येच. "तिचे गुडघे दुखतात."

धुरात उकिडवं बसून गुडघे दुखत नाहीत, सावलीत चालून दुखतात, असं आमच्या घरचं वैद्यकशास्त्र आहे. सासूबाई उठल्या नाहीत. मी स्वराचा हात धरला आणि निघाले. मागून अपूर्व, पार्थ आणि पुटपुटत सासरे.

चालता चालता राग उतरेल असं वाटलं होतं. उलट चढत गेला, कारण वाट फारच सोपी होती. ना चढ, ना काटा. पायाखाली करंजाचा पाला, डोक्यावर गच्च सावली, बाजूला झुळझुळ पाणी. इतकी वर्षं माझी समजूत होती, काहीतरी अवघड असेल म्हणून हे आम्हाला नेत नसतील. तान्हं लेकरू कडेवर घेऊन जावं अशी वाट! मला रडायला आलं आणि रडायला आल्याचाही संताप आला.

वळण घेतलं आणि डोह दिसला. काठच्या खडकावर एक बाई पाण्यात पाय सोडून बसली होती, साडी पोटरीपर्यंत खोचून.

"आज्जी!" स्वरा किंचाळली.

सासरे जागीच थबकले. "तू काय करून राह्यली इथं? आलीस कुठून?"

"माझ्या भावाच्या बांधावरनं. आडवाट आहे. लहानपणी रोज यायचो आम्ही."

"आन् रोडगे?"

"आरात आहेत."

"अगं, जळतील ना!"

"जळतील," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पोह गं स्वरा. मी बघते."

स्वराने सूर मारला. अपूर्व कपड्यांनिशी छातीएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला, एवढं मात्र त्याने केलं. ती पलीकडे पोचेपर्यंत सासूबाईंनी पापणी हलवली नाही. मी त्यांच्याजवळ बसले.

"आई, आडवाट माहीत होती, तर कधीच का नाही आलात?"

"कुणी चल म्हणलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "आज तू म्हणलीस."

परत आलो तेव्हा रोडगे काळेठिक्कर झाले होते. घरून आणलेल्या वरण-भात आणि वांग्याच्या भाजीवर भागवलं. पोट भरल्यावर सासऱ्यांना औदार्य सुचलं.

"जाऊ द्या," हात पुसत ते म्हणाले. "पुढच्या साली हसनाबादच्या हॉटेलातून जेवण बांधून आणू. उगंच कशाला धुरात बसायचं? त्याला काय लागतंय?"

मला वाटलं, सासूबाई हसतील. दिवसभर त्या एकदाही चिडल्या नव्हत्या. त्यांच्या हातातली पळी वरणात तशीच राहिली.

"त्याला काय लागतंय?" त्या म्हणाल्या. "इतकं सोपं होतं?"

"मंग! बिलकुल सोपं."

"मंग माझे गुडघे धड होते तव्हा का न्हाई म्हणलात? माझी आई जिती होती, तिथं पलीकडं बांधावर वाट बघत बसायची, तव्हा का न्हाई म्हणलात?" त्यांचा आवाज चढला. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"तू कधी बोललीच न्हाईस," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी चिमटा हातात घेतला. राखेतून एकेक कोळसा झालेला रोडगा उकरला आणि सासऱ्यांच्या ताटात ठेवत गेल्या. ताट भरलं तरी ठेवत राहिल्या. शेवटचा ठेवून उभ्या राहिल्या.

"बसा सावलीत. आराम करा," त्या म्हणाल्या. "चल गं स्वरा, पुन्हा डोहावर जाऊ. आता या वाटेनं. ही मी अजून बघितलीच न्हाई."

अपूर्व लगबगीने उठायला लागला. त्यांनी हातानेच त्याला खाली बसवलं.

"तू थांब बापापाशी. भांडी घासून ठेव."

मी चपला घातल्या.