सुनेच्या हातचं

वेणूबाई चक्क जमिनीवर मांडी घालून बसल्या, आणि तुर्भ्याच्या त्या दोन खोल्यांत हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनी त्यांच्या सुनेकडे, तेजश्रीकडे वळून पाहिलं. तेजश्रीची मान ताठ झाली. का होऊ नये? दिवाळीपर्यंत सासू भिंत धरून मोरीपर्यंत जात होती. डॉक्टरांना दाद न देणारे गुडघे तिनं ऑनलाइन मागवलेल्या पावडरीनं वठणीवर आणले होते. रोज सकाळी कोमट दुधातून एक चमचा, तोही तिच्याच हातचा.

"गाल बघा कसे वर आलेत," शेजारची शुभदा म्हणाली. "सुनेच्या हातचं अंगी लागलं हो वेणूबाई."

"लागनारच. सून कुनाची हाय?"

तेजश्रीनं तिळगूळ वाटता वाटता पावडरीची लिंक बायकांच्या ग्रुपवर टाकली. शुभदानं तर तिथंच बसून ऑर्डर दिली. डब्यावर 'शुद्ध आयुर्वेदिक' असं ठसठशीत छापलेलं होतं. परवान्याचा नंबर नव्हता, पण तो बघतं कोण?

मग ती सासूच्या पाया पडली. माहेरच्या वळणानं, नुसता हात न लावता पावलं चेपून. अंगठा उचलला तर पावलावर खळगा उमटला होता. आता भरेल, मग भरेल म्हणून ती बघत राहिली. तिंबलेल्या कणकेवर राहावा तसा तो तिथंच राहिला.

"आत्या, जोडवी घट्ट होतात का?"

"होतात की. अंग धरलंय न्हवं मी."

तिनं सासूच्या गालांकडे पुन्हा पाहिलं. ते भरले नव्हते, सुजले होते.

सकाळी ती सासूला आणि डब्याला घेऊन दवाखान्यात गेली. साखर भलतीच वाढली होती.

"ही लक्षणं स्टिरॉइडची," डॉक्टर म्हणाले. "असल्या पावडरीत मिसळतात, डब्यावर लिहीत नाहीत. आता मनानं एकदम बंदही करायचं नाही, जीवावर बेतेल. मी गोळ्या देतो, हळूहळू कमी करू."

त्यांनी वेणूबाईंना दाखल करून घेतलं.

त्या घरी परतल्या तेव्हा बायका भेटायला आल्या.

"कुणाची नजर लागली गं यांना," शुभदा हळहळली.

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. तेजश्री शुभदाकडे वळली.

"नजर नाही, ती पावडर. मीच पाजली रोज. शुभदाताई, तुमची आली का?"

"आजच आली. फोडली नाही अजून."

"फोडू नका. कुणीच घेऊ नका."

तेजश्रीची नजर फरशीवरून हलेना. तेवढ्यात वेणूबाईंनी पाऊल पुढं केलं.

"चेप."

तिनं चेपलं. खळगा पडला, आणि बघता बघता भरून आला.

"चुकली, ते तिनं सांगितलं," वेणूबाई बायकांना म्हणाल्या. "पन पाया समद्याच पडतात. माझी सून बघून पडते."

शुभदा आपला न फोडलेला डबा तेजश्रीच्या हवाली करायला उठली.