मामांची तपासणी

मामांनी खोके उलगडून टेबलावर सपाट केले, खिशातून पोलादी पट्टी काढली आणि घडीच्या रेषा मोजायला घेतल्या. समोरची डिझायनर बाई चहा ढवळत निवांत पाहत राहिली.

“मापं बरोबर आहेत,” मामा नाइलाजाने म्हणाले.

“तुमच्या भाचीनेच काढलंय ते.”

तंत्रनिकेतनात जन्मभर रेखाचित्र शिकवलेल्या मामांचा संशय त्याने उलट वाढला. कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता ही बाई स्वतःची स्वतः शिकली, खोकी आणि वेष्टने रचण्यात महानगरात नाव कमावून बसली. तिने ते सारे सोडून या आडबाजूच्या शहरात, बंद पडलेल्या शिवणवर्गाच्या खोलीत मुलींना फुकट शिकवावे, हे त्यांच्या कुठल्याच गणितात बसत नव्हते. आणि ज्या भाचीला त्यांनी आईमागे लहानाची मोठी केली, तिने या खोलीपायी पाणीपुरवठा कार्यालयातली चालून आलेली नोकरी लोंबकळत ठेवली होती. सोमवारी हो की नाही ते कळवायचे होते.

“हे खोकं मागवणाऱ्या साबणाच्या कारखान्यात मी फोन केला होता. गिऱ्हाईक म्हणून.”

“कळलं मला. वडीची जाडी मिलिमीटरमध्ये विचारणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं म्हणे.”

मामांनी कान खाजवला, पण माघार घेतली नाही.

“तिथे तुम्हाला कुणी ओळखतच नाही. करारावर सही पोरीची, बोलणी तिची, छापखान्यात जबाबदारीही तिचीच. उद्या काम फसलं तर ती अडकणार आणि तुम्ही नामानिराळ्या. खोटं असेल तर सांगा.”

“खरंय.”

इतक्या सहज कबुलीची तयारी करून ते आले नव्हते. हातातली पट्टी त्यांनी उगाच दुसऱ्या हातात घेतली.

“गिऱ्हाईक माझं झालं, की माझ्यामागे येतं,” ती म्हणाली. “आधीच्या गावात तेच झालं. मी निघाले आणि थोड्याच दिवसांत खोलीला कुलूप लागलं. मुली तयार होत्या हो, पण त्यांचं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं.”

“म्हणजे तुम्ही इथूनही जाणार.”

“वर्ष संपलं की. पुढचं गाव बघून ठेवलंय.”

“पोरीला माहीत आहे?”

“नाही. कळलं तर प्रत्येक रेघ मला दाखवायला आणेल. हल्ली आणत नाही. चुकते, छापखानेवाल्याची बोलणी खाते, सुधारते.” तिने कप बाजूला सरकवला. “तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा. मी कोण अडवणार?”

मामांनी खोक्याला पुन्हा घड्या घातल्या. चिकटपट्टी न लावताच त्याचे झाकण घट्ट बसले. ते त्यांनी दोनदा उघडून पाहिले.

घरी भाची दारातच उभी होती.

“झाली तपासणी? काय काढलंत शोधून, ते सांगा एकदाचं.”

“माझा संशय खरा निघाला,” मामा चपला काढत म्हणाले. “त्या बाईच्या भरवशावर राहू नकोस.”

तिचा चेहरा उतरला. भांडायला आणलेले अवसान कुठच्या कुठे गेले.

“मग सोमवारी कार्यालयाला होकार कळवू?”

मामा आतल्या खोलीकडे वळले होते, ते थांबले.

“होकार कशाला? आधी त्या खोलीचं भाडेपत्र तुझ्या नावावर करून घे.”